कॅनॉपीखालचं काम आणि ‘मिरवणं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

१/७२ स्पिटफायरच्या (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, इथे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) साध्या प्लास्टिक किटवर रंगाआधी काय काय करता येतं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण आवरलं. सकाळी शांतपणे पुन्हा वाचली, तरी लागायचं ते लागलंच.

आधी तुमचं बरोबर आहे ते. ब्रेकच्या नळीसाठी मी ०.५ मिलिमीटरची तार लिहिली. ७२ने गुणलं की ती ३६ मिलिमीटर होते. इतकी जाड नळी त्या चाकाच्या दांड्यावर शोभत नाही. मी वापरली होती ०.२ची, लिहिताना आकडा चुकला. मान्य.

रेझिनचं तयार कॉकपिट घ्यावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या रेघा, कोरण्याचा वाद मला इथे घालायचा नाही.

पण कॅनॉपीबद्दलचं, म्हणजे वैमानिकावरच्या काचेबद्दलचं, तुमचं ते एक वाक्य: “कॅनॉपी लावल्यावर आतलं काहीच दिसत नाही, म्हणजे हे सगळं फक्त मिरवण्यासाठी.” यातला पहिला अर्धा भाग मुद्दा आहे. दुसरा मुद्दा नाही, आरोप आहे. माझी तुमची ओळख नाही, माझं एकही मॉडेल तुम्ही हातात घेतलेलं नाही, आणि मी कशासाठी काम करतो हे तुम्ही ठरवून मोकळे! “असं नव्या लोकांना शिकवू नका” हे वर आणखी. हा सूर कशासाठी?

मी आठवीत असल्यापासून किट जोडतोय. पहिल्या किटमध्ये सपाट फळी, तिच्यावर खुर्ची आणि खुर्चीला चिकटलेला वैमानिक, एवढंच होतं. तेव्हा मीही म्हणालो होतो, कोण बघतंय आत? विमानाच्या सांगाड्याचे दोन्ही अर्धे चिकटवले, रंगवलं, टेबलावर ठेवलं. घरी आलेल्या प्रत्येकाने विमान उचललं की डोळा थेट काचेला लावला. प्रत्येकाने. पंखावरच्या कॅमफ्लाजसाठी मी चार संध्याकाळी घालवल्या होत्या, तिकडे नंतर लक्ष गेलं. ती रिकामी पोकळी मला अजून आठवते, आणि मिटवलेला सांगाडा उकलून ती भरणं शक्य नव्हतं. रंगाआधी, खरं तर अर्धे जोडण्याआधी, असं मी लेखात तीनदा लिहिलं ते याचसाठी. तुम्ही तेवढं वाचलं होतं का?

आता ‘दिसत नाही’बद्दल. जुन्या किटची काच जाड असते, तिच्यातून आतलं धूसर दिसतं, हे खरं. म्हणून तर मी सरकती काच बारीक करवतीने वेगळी करून मागे सरकवलेली दाखवली आणि डाव्या बाजूचं छोटं दार कापून खाली पाडलं. खरा वैमानिक त्याच दाराने आत शिरायचा. एवढं केलं की कॉकपिट अख्खं उघडं पडतं, आणि मग किटमधली सपाट फळी खोटी आहे हे लगेच कळतं. खऱ्या स्पिटफायरच्या कॉकपिटला सलग जमीन नव्हतीच, पायांसाठी दोन अरुंद पट्ट्या होत्या. ती फळी काढून पाव मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटच्या दोन पट्ट्या लावायला पंधरा मिनिटं पुरतात. खुर्चीचे पट्टे मास्किंग टेपचे. वैमानिक विमान वळवतो त्या दांड्याच्या टोकाची गोल मूठ बारीक तारेच्या वेढ्याची, आणि ती सुपरग्लूनेच बसते, कारण प्लास्टिकचा सिमेंट धातूला धरत नाही. यात मिरवण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. अख्ख्या विमानाचा पंखविस्तार जेमतेम १५.६ सेंटिमीटर. त्यातल्या नखाएवढ्या जागेत मान मोडेपर्यंत बसणारा माणूस लोकांसाठी बसत नाही हो.

आणि समजा, काच बंदच ठेवली. तरी मी हे करीन. आत काय आहे ते मला माहीत असतं.

नव्या लोकांचं म्हणाल, तर मला पत्रं येतात ती “पुढचं सांगा” अशी. घाबरून किट बाजूला ठेवल्याचं अजून कोणी कळवलेलं नाही. तुम्हाला ही पद्धत पटत नसेल तर तुमचं एखादं काम दाखवा, मी मन लावून बघेन. पण पुढच्या वेळी माझ्या हेतूबद्दल बोलण्याआधी जरा थांबा, ही विनंती. विनंतीच आहे.

तारेचा आकडा लेखात दुरुस्त केला आहे. तुमची प्रतिक्रिया तशीच राहील, काढणार नाही.