क्लच गेला, सीटा निघाल्या

चढावर इंजिन किंचाळतं, आरपीएमचा काटा झपाझप वर जातो आणि गाडी मात्र रांगते. क्लच प्लेट गेली!

प्लेट म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे पोचवणारी 8.5 इंचांची चकती. पण ती बसलेली इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध. दोघांची फारकत केल्याशिवाय तिचं दर्शन नाही. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवाल्यांत यावरून दोन पंथ आहेत. एमजीबीवाले इंजिनच उचलून बाहेर काढतात. आमच्या ट्रायम्फ टीआर-6चा गिअरबॉक्स मात्र निघतो बसायच्या जागेतून. म्हणून आधी सीटा काढा, कार्पेट काढा, डॅशबोर्डखालचा आधार सोडवा, मधलं आवरण उचला. घरच्यांनी येऊन पाहिलं आणि विचारलं, "भंगारात काढलीस का?"

गिअरबॉक्स अगदी सरळ रेषेत मागे ओढायचा. जरा तिरका झाला की अडून बसतो. अखेर बाहेर आला तेव्हा त्याला काढलेल्या सीटवर ठेवलं आणि मी फरशीवर बसलो.

"आता प्लेट टाक आणि बंद कर," असं सांगणारे हितचिंतक असतातच. त्यांनी सीटा काढलेल्या नसतात. चकतीला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंगही नवंच हवं. चकती ज्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, जळल्याचे निळे डाग आहेत का ते बघायचं. क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गळत असेल तर नवी प्लेटही तेल पिऊन घसरणार.

आणि ती पिन! रिलीज बेअरिंगला ढकलणाऱ्या रिलीज फोर्कला शाफ्टवर धरून ठेवणारी, निमुळती, करंगळीएवढी. ती तुटली की पेडल दाबूनही क्लच नीट सुटत नाही. मग मालक बिचारा पेडलचा दाब तेलातून पोचवणारे मास्टर सिलिंडर बदलतो, स्लेव्ह सिलिंडर बदलतो, पुनःपुन्हा त्या तेलातली हवा काढतो. गुन्हेगार आत बेलहाऊसिंगमध्ये, क्लचवरच्या आवरणात, सुखरूप. मी नवी पिन घातली, तिला तारेनं बांधलं, शिवाय फोर्क आणि शाफ्टमधून आरपार भोक पाडून एक जादा बोल्ट ठोकला. अतिरेक म्हणा हवं तर.

प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे, हे तपासून फोटो काढून ठेवला. उलटी बसली तर ते कार्पेट लावून झाल्यावरच कळतं. मग अलाइनमेंट टूलनं ती मधोमध धरली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले.

पहिल्या फेरीला बायको शेजारी बसली. पेडल हलकं, गिअर बिनआवाज पडतोय. मी कौतुकाच्या आशेनं तिच्याकडे पाहिलं.

"छान वाटतंय," ती पायाखाली बघत म्हणाली, "कार्पेट धुतलंस का?"