दुर्बिणीचा बनियन

जानेवारीतल्या एका पहाटे पावणेसातला, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर मी दुर्बिणीला आप्पांचा बनियन घालत होतो. बनियन धुतलेला, नीळ दिलेला आणि मुख्य म्हणजे पुढून भोक नसलेला. ही शेवटची अट पुरी करणारा बनियन घरात एकच निघाला. तो दुहेरी करून नळीच्या तोंडावर ताणून बसवायचा, एक सुरकुती ठेवायची नाही, आणि वरून परकराची नाडी गुंडाळून गाठ मारायची. पलीकडच्या गच्चीवर तुळशीला पाणी घालणाऱ्या काकूंनी तांब्या थांबवून विचारलं, "काय रे, थंडी वाजतीया व्हय तिला?"

मी हसलो. खरं सांगायचं तर ते चार शब्दांत सांगता येत नाही.

दुर्बिणीतून कॅमेऱ्यात येणारा उजेड सगळीकडं सारखा पडत नाही. पंगतीत वाढपी ओळखीचा असल्यासारखा कारभार असतो: मध्ये बसलेल्याला मटणाच्या फोडी, कोपऱ्यातल्याला नुसता रस्सा. त्यामुळं फोटोचे कोपरे काळवंडतात. शिवाय सेन्सरसमोरच्या काचेवर धुळीचा एखादा कण असतोच. आमच्याकडं उसाचं पाचट पेटवायला लागले की त्याची काजळी वाळत घातलेल्या धोतरापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळीकडं पोचते, ती सेन्सरला का सोडेल? त्या कणाची सावली फोटोत गोल उमटते. माझी दुर्बीण सहा इंची, आरशाची. आत मध्येच दुसरा छोटा आरसा असतो, म्हणून त्या गोलाला मधोमध भोक पडतं. हुबेहूब मेदूवडा. मृग नक्षत्रातला तेजोमेघ टिपायला गेलो होतो. सुमारे 1,300 प्रकाशवर्षांवरचा तो वायू-धुळीचा ढग आला खरा, पण सोबत चार मेदूवडे घेऊन.

मूळ फोटोत हे कळत नाही, कारण त्यात जवळजवळ सगळा अंधारच असतो. अंधुक ढग दिसावा म्हणून चित्र ताणून उजळायला घेतलं, की ढगाबरोबर वडेही फुगतात.

यावर उतारा म्हणजे फ्लॅट. एकसारख्या उजेडाचा, बाकी कशाचाही नसलेला फोटो. बनियन त्याचसाठी: पहाटेच्या आभाळाचा उजेड त्यातून गाळून सगळीकडं सारखा पसरतो. त्यात नुसते काळवंडलेले कोपरे आणि वडे येतात. मग मूळ फोटोतून डार्क वजा करायचा, फ्लॅटमधून बायस वजा करायचा आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. जिथं उजेड 80 टक्केच पोचला तिथं 0.8 नं भागलं की हिशोब चुकता. डार्क म्हणजे टोपण लावून, तेवढ्याच वेळाचा, तेवढ्याच थंडीतला फोटो. बायसही टोपण लावूनच, पण डोळा मिचकावायच्या आत उरकणारा. दोन्हींत कॅमेऱ्याची स्वतःची खोट तेवढी उतरते, ती वजा करायची. एका रात्रीचा माझा हिशोब असा: आकाशाचे एकेक मिनिटाचे 120, डार्क 20, बायस 50, फ्लॅट 30. एकूण 220 फोटो, त्यातले 100 कशाचेच नाहीत.

"टोपण काढलंयस का?" हा आप्पांचा पहिला प्रश्न. त्यांचा जन्म फोटो स्टुडिओत गेला. ज्या गावात बाबुराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्या गावात आपला मुलगा मुद्दाम टोपण लावून फोटो काढतो, हे त्यांना लागलं होतं. "लग्नात असलं केलं असतंस, तर वरबापानं चपलेनं हाणला असता. कोल्हापुरी चपलेनं."

मागच्या अवसेला सगळं फसलं होतं. गच्चीवरून जमत नाही. गावाचा उजेड एक, आणि दुसरं म्हणजे कोल्हापुरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 17 अंश वर असतो, म्हणजे आमच्या हिशोबानं शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीच्या मागं. तो दिसल्याशिवाय मला दुर्बीण नीट लावता येत नाही. म्हणून पन्हाळ्याच्या पलीकडं, मसाई पठारावर. अवसेच्या रात्री पठारावर जायचं म्हटल्यावर आईनं काय काय ऐकवलं ते सोडा. तीन वाजता बोटं गारठली, तशी कॅमेरा काढून पिशवीत टाकला आणि घरी आलो. सकाळी पुन्हा अंदाजानं बसवून फ्लॅट घेतले. पण कॅमेरा रात्री ज्या कोनात आणि ज्या फोकसला होता, त्यातून तसूभर हलता कामा नये. माझा बराच फिरला होता. भागाकार केल्यावर चार वडे जिथल्या तिथं, आणि प्रत्येकाशेजारी एक पांढरा वडा नवीन. चार काळे, चार पांढरे, सोंगट्या मांडल्यासारखे.

म्हणून या खेपेला कॅमेऱ्याला हात लावायचाच नाही असं ठरलं. स्टँड डिकीत गेला, पण कॅमेऱ्यासकट नळी कुठं ठेवायची?

"आण हिकडं. मी धरतो मांडीवर," बायको म्हणाली. "तू फक्त गाडी हळू हाक."

वाघबीळच्या वळणांवरून मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो. शालीत गुंडाळलेली नळी तिच्या मांडीवर. गतिरोधक आला की ती नळी अलगद उचलून धरायची. आमच्या बाळाला दवाखान्यातून घरी आणताना मी एवढी सावकाश गाडी चालवली नव्हती, हे तिनं केर्लीपर्यंत दोनदा सुनावलं.

तर बनियन बसला. आता घाई. आभाळ मिनिटामिनिटाला उजळत असतं आणि कॅमेऱ्यातला हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, डोंगर मधोमध राहायला हवा. उजवीकडं टेकला की सगळं पांढरंफेक, धुळीची सावलीसुद्धा गायब. मी शटर बदलतोय, नाडी आवळतोय, तेवढ्यात आप्पा चहाचा कप घेऊन वर आले. बराच वेळ बघत राहिले.

"तोंड उगवतीकडं का केलंयस? एका अंगानं उजेड येतोय. सरळ डोक्यावर कर."

केलं. मग कप कठड्यावर ठेवून त्यांनी स्वतः बनियनची एक सुरकुती काढली. "ग्रुप फोटोत कडेच्या पाव्हण्यांची तोंडं काळी यायची. प्रिंट करताना मी कडेचा उजेड हातानं सांभाळायचो. तुझं मशीन तेच करतंय की." तीस फ्लॅट होईपर्यंत ते हलले नाहीत. झाल्यावर बनियन तेवढा मागून घेतला. अंघोळीचं पाणी तापलं होतं.

संध्याकाळपर्यंत लॅपटॉप गिरणीसारखा घरघरत होता. सगळं वजा झालं, भागलं, एकावर एक रचलं, ताणलं. एकही वडा नाही. कोपरे स्वच्छ. गुलाबी पंख पसरलेला तेजोमेघ. मी आप्पांना हाक मारली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक पडद्याला टेकवलं आणि बरोब्बर मधल्या लखलखीत भागावर बोट ठेवलं. तिथं एक काळी पाचर आत घुसलेली असते.

"हितं राहिलंय की."

"आप्पा, ती आपली धूळ नाही. ती तिथलीच. खरी."

ते सरळ झाले. चष्मा डोळ्यांवर आला.

"मग ती त्यांनी पुसाय पायजे."