सुंदरबनचे वाघ आणि खारं पाणी: खुलासा

‘सुंदरबनातले वाघ खारं पाणी पितात, म्हणून ते सगळेच नरभक्षक होतात’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. खाऱ्या पाण्यामुळे वाघ माणसावर उठतो, हे सिद्ध झालेलं नाही. इथल्या वाघाचं मुख्य भक्ष्य चितळ आणि रानडुक्कर. बहुतेक हल्ले होतात ते मध, मासे, खेकडे आणायला जंगलात शिरलेल्या माणसांवर. खेकडे पकडणारा चिखलात रुतलेला, ओणवा, नजर बिळावर. भोवती सुंदरी या खारफुटीच्या झाडाची टोकदार श्वसनमुळं (हवा घेण्यासाठी चिखलातून वर येणारी मुळं) वर आलेली, पळणंही अवघड. खरी जोखीम तिथे आहे. वाघाला सरसकट खुनी ठरवणारा हा मजकूर कृपया पुढे पाठवू नका.