चार मुलांच्या वर्गाचे टक्के

परवा रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, पोरीचं नाव काढू का शाळेतून?" मजकूर बऱ्याच जणांपर्यंत पोचला असेल. वीसच्या आत पट असलेल्या जिल्हा परिषद शाळांत शिक्षण होत नाही, 'असर' या शिक्षण-पाहणीच्या अहवालानेही ते सिद्ध झालंय, तिथे फक्त मजुरांची पोरं उरलीत, त्यांच्या संगतीने आपली मुलं मागे पडतात, गुरुजी शिकवत नाहीत, तेव्हा या शाळा बंद करा. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या ग्रुपवर कुणीतरी त्याला शेपूट जोडलं: 'आपल्याच शाळेत तिसरीचं वाचन ७५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर! एका वर्षात!'

बहीण घाबरली. म्हणून हे लिहिते आहे, आणि रागानेच लिहिते आहे.

आधी ही घसरण पाहू. शाळेचा पट ११. तिसरीत मुलं ४, गेल्या वर्षीच्या तिसरीतही ४ च होती. तेव्हा तिघांना धडा वाचता आला, यंदा दोघांना. म्हणजे फरक एका मुलाचा, तोही दोन वेगळ्या वर्गांची तुलना करून काढलेला. चाळीसच्या वर्गात एक मूल अडलं तर अडीच टक्के हलतात, चारच्या वर्गात पंचवीस. लहान शाळा कुठल्याही यादीत एकदम वर किंवा एकदम तळाला दिसतात, त्याचं मोठं कारण हेच.

यंदा अडलेली एक मुलगी मला माहीत आहे, ती माझ्या भाचीच्या शेजारी बसते. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, दिवाळी झाली की कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, कोल्हापूर-सांगलीकडे निघतो आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततो. गेले दोन हंगाम तीही सोबत गेली, कारण तिथल्या कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. उन्हाळ्यात मी गावी गेले तेव्हा भाचीने तिच्यापुढे पुस्तक उघडलं. पहिली ओळ तिने बोट ठेवून वाचली. जोडाक्षर आलं की बोट थांबायचं. 'रस्त्यावर'मधल्या 'स्त्या'पाशी ती बराच वेळ थांबली, भाचीने हळूच सांगितलं, मग ती पुढे गेली. वर्षातले जेमतेम सहा महिने शाळा मिळालेली मुलगी ओळ वाचते आहे, आणि टक्क्यांच्या हिशोबात ती 'नापास' धरली जाते! ती कुठून सुरू झाली आणि कुठवर आली, हे त्या टक्क्यात कुठेच दिसत नाही.

आता 'मजुरांच्या पोरांची संगत'. हे वाक्य लिहिणाऱ्याची मला खरोखर चीड आली. आमच्या गावात ज्यांच्या घरात कधीच कोयता नव्हता अशी घरं बोटावर मोजण्याइतकी आहेत. आपली मुलं आणि त्यांची मुलं ही वाटणी कालपरवाची. शिवाय शाळेत हीच मुलं का उरली? ज्यांना फी आणि व्हॅनचं भाडं परवडलं त्यांनी आपली मुलं काढली म्हणून. गेल्या जूनमध्ये दोन घरांनी मुलं इंग्रजी शाळेत घातली, दोन्ही घडाघडा वाचणारी. वर्गातलं शिकवणं होतं तसंच राहिलं, टक्के मात्र खाली आले. मग त्याच टक्क्यांकडे बोट दाखवून उरलेल्यांना सांगायचं, तुम्हीही काढा. आणि संगतीचं म्हणाल तर 'स्त्या' फोडून सांगताना भाचीचंही जोडाक्षर पक्कं झालं, ते मी समोर बसून पाहिलं.

'असर' हा अहवाल कुठल्याही एका शाळेचा निकाल नसतोच. ग्रामीण भागात गावं निवडून, घरोघरी जाऊन मुलांकडून वाचून घेतात. त्यातून जिल्ह्याचा, राज्याचा अंदाज येतो. मेसेजवाल्याने २०२४ चा अहवाल उघडला असता तर त्यात दिसलं असतं, की देशभरात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, ती २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. आकडा अजूनही लाजिरवाणाच आहे, पण तो वर चढला आहे. खाजगी शाळांचे आकडे याहून वरचे आहेत, हे मान्य. पण तिथे मूल पोचतं तेच घरची ऐपत पाहून.

गुरुजींबद्दलचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे, आणि ते मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. दोन गुरुजी, चार वर्ग. त्यातले एक तालुक्याला बैठकीला गेले की दुसऱ्यांनी चारही इयत्ता सांभाळायच्या, शिवाय ऑनलाइन माहिती भरायची, पोषण आहाराच्या नोंदी ठेवायच्या. अशा दिवशी पहिलीला नुसतं पाटीवर गिरवायला बसवतात, हे मीही पाहिलंय. पण यावर भांडायचं तर ती कामं काढून घ्या म्हणून भांडा, शाळा बंद करा म्हणून कशाला?

आता शाळा बंद करण्याचं, थोडक्यात. २०२३ मध्ये समूह शाळांची, म्हणजे जवळच्या लहान शाळा एकत्र करून एकच मोठी शाळा करण्याची, चर्चा सुरू झाली तेव्हा राज्यात वीसपर्यंत पट असलेल्या शाळा सुमारे १४,८०० आणि त्यांत शिकणारी मुलं सुमारे १ लाख ८५ हजार, असे आकडे पुढे आले होते. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. आमच्याकडे पुढची शाळा ओढ्यापलीकडे आहे, पावसाळ्यात ओढ्याला पाणी असतं. तिथवर सहा वर्षांच्या मुलीला कोण नेऊन सोडणार, ते मेसेजमध्ये नाही.

बहिणीला मी सांगितलं, नाव काढू नकोस. बुधवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे, तू पालक म्हणून जा. त्या मुलीची आजी यंदा तिला गावात ठेवून घ्यायला तयार आहे. दिवाळीच्या आधी, कामासाठी बाहेर गेलेल्यांच्या मुलांची गावातच सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव घातलंय का, ते विचार. नसेल तर तिथेच बसून घालून घे.