डीपीएफ कापून टाकण्याआधी हे वाचा

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: 'बीएस-६ डिझेल गाडी घेऊ नका. दोन वर्षांत डीपीएफ चोक होतो, लाखभराला फटका बसतो. घेतलीच असेल तर डीपीएफ काढून टाका, अ‍ॅव्हरेज वाढतं. जुनी इंजिनं बघा, काहीही सहन करायची.' मी रोज याच गाड्यांखाली काम करतो, म्हणून लिहितोय. डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आणि बीएस-४, बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे सरकारी नियम.

'दोन वर्षांत चोक होतो.' कुणाचा? फिल्टरमध्ये साठलेली काजळी साधारण ६०० अंशांना जळते आणि त्यासाठी गाडी सलग धावावी लागते. शाळा, मंडई, घर एवढंच फिरणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं. मागे अशीच एक गाडी आली. डिपस्टिक काढली तर ऑईल वरच्या खुणेपेक्षा बोटभर वर, आणि वास डिझेलचा! काजळी जाळायला जादा सोडलेलं डिझेल पुरतं न जळता ऑईलमध्ये उतरलं होतं. असल्या पातळ ऑईलवर गाडी पळवली की टर्बो जातो, आणि मोठं बिल तिथे येतं. डीपीएफचा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हाच मालकाने तिला अर्धा तास हायवेवर एका वेगात चालवलं असतं, तर बहुतेक तेवढ्यावर भागलं असतं.

'लाखभराचा फटका.' नवा फिल्टर महाग आहे, नाकारत नाही. पण कित्येकदा बिघाड दाब मोजणाऱ्या सेन्सरचा किंवा त्याच्या नळीचा असतो. आधी स्कॅनर लावून तेवढं बघायला सांगा. आणि ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, कमी राखेचं टाका. काजळी जळते, ऑईलची राख फिल्टरमध्येच बसून राहते.

'काढून टाका.' याचा मला खरंच राग येतो. बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, बीएस-६ ला ४.५ ची आहे. मध्ये जो फरक पडला तो मुख्यतः या फिल्टरमुळे. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलंय. सिग्नलला तुमच्या मागे स्कूटरवर पुढ्यात उभं असलेलं पोर तोच धूर घेतं. फिल्टर कापणं बेकायदा आहे, वॉरंटीही जाते. माझ्याकडे कुणी ते काम घेऊन आलं तर मी परत पाठवतो.

जुनी इंजिनं दणकट होती, यावर वाद नाही. तुमचं रोजचं फिरणं गावातल्या गावात पाच-सात किलोमीटर असेल तर डिझेल घेऊच नका, पेट्रोल घ्या. गिऱ्हाइकाला हे मी बुकिंगच्या आधीच सांगतो.