तुरटीचा उल्लेख राहून गेला

सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पेशी रंगवण्यावरील लेखात हिमॅटॉक्सिलिन या रंगद्रव्याविषयी ‘हिमॅटॉक्सिलिन केंद्रकातील डीएनएला थेट चिकटते’ असे विधान आहे; ते मला पटले नाही. ऑक्सिडीकरणाने त्याचे हिमॅटेइन होते आणि रंगात मिसळलेल्या तुरटीतील अ‍ॅल्युमिनियमशी जोडले गेल्यावरच ते धनभारित होऊन डीएनएच्या ऋणभारित फॉस्फेट गटांना धरते. रंग पक्का धरून ठेवण्याचे तुरटीचे हे काम कापड रंगवणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

पेशीद्रव्य गुलाबी करणाऱ्या इओसिन या दुसऱ्या रंगाबाबत सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा अंक) देखील सांगायला हवा होता. जळगावातील आमच्या प्रयोगशाळेत बोअरच्या अल्कधर्मी पाण्याने केंद्रके झकास निळी होत, पण तेच पाणी काचपट्ट्यांबरोबर इओसिनच्या भांड्यात जाऊन सामू वाढला, की प्रथिनांवरील धनभार घटून पेशीद्रव्य जेमतेम गुलाबी दिसे. अ‍ॅसेटिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकून सामू ५ च्या आसपास आणला, की पुढच्या काचपट्ट्यांवर रंग नीट उमटे.