खाली लाव्हा की दगड? कराडच्या कट्ट्यावर पेटलेला वाद

विषय निघाला तो बाळ्याच्या घरावरून. पाटणकडं गावाला त्याचं जुनं दगडी घर आहे, त्यावर एक मजला चढवायचाय, आणि इंजिनियर म्हणतोय असा नुसता मजला चढवू नका, आधी खिडक्या-दारांच्या वरून चारी भिंतींना फिरवून आरसीसीचा पट्टा घ्या, कोपऱ्यांत उभ्या सळया सोडा. बाळ्या तापलेला. "जमिनीच्या प्लेटा आदळतात तिकडं हिमालयात. हितनं दीड हजार किलोमीटर. कोयनेचा भूकंप झाला तो धरणानं झाला, आता साठ वर्षात धरण मुरलं. मग मी कशाला एवढं लोखंड घालू?"

सच्या लगेच पुढं सरसावला. म्हणे आपण सगळे लाव्ह्यावर तरंगतोय, दुधावर साय असते तशा या प्लेटा, सायीला भोक पडायला हिमालयच पाहिजे असं थोडंच आहे, कुठंही फाटेल. म्हणजे घर भक्कम बांध हे त्याचं बरोबर पण कारण पूर्ण चुकीचं, आणि मला हे लाव्ह्याचं ऐकलं की गप्प बसवत नाही, कारण शाळेत आपण सगळे तेच चित्र डोक्यात घेऊन बाहेर पडलोय, वर पातळ साल आणि आत सगळा लालभडक रस.

मी म्हटलं, सायीखाली दूध नाहीच आहे सच्या. भूकवच आपल्या पायाखाली 35-40 किलोमीटर जाड, त्याखाली प्रावरण ते पार 2,900 किलोमीटरपर्यंत, आणि ते जवळजवळ सगळं दगडच आहे. रसरसून तापलेला, पण दगड. खरा पातळ, म्हणजे द्रव, थर त्याच्याही खाली, बाह्यगाभा, वितळलेल्या लोखंडाचा, आणि मधोमध परत घट्ट गोळा.

"तू बघून आलास काय?" सच्या.

प्रश्न बरोबरच होता. माणसाने रशियात कोला इथं भोक पाडत नेलं ते 12,262 मीटरवर थांबलं, तळाला 180 डिग्री तापमान लागलं आणि दगड असा वागायला लागला की ड्रिल पुढं जाईना. पृथ्वीच्या मध्यापर्यंत अंतर 6,371 किलोमीटर. म्हणजे बघून कुणीच आलेलं नाही.

तेवढ्यात नाना बोलले. नाना रोज संध्याकाळी टपरीच्या कडेला बसतात, फारसं बोलत नाहीत. कोयनेचा भूकंप झाला त्या 11 डिसेंबर 1967 ला ते नऊ वर्षांचे होते, गाव पाटणजवळच. "पहाटं चार वाजून गेलं हुतं. आधी आवाज आला. भरलेला ट्रक घाटातनं उतरतोय असा, जमिनीच्या आतनं. आई उठून बसली, म्हणली काय रं वाजतंय, आणि तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत सगळं आडवं हलाय लागलं. फळीवरची भांडी एकेक करून नाय पडली, सगळी फळीच मोकळी झाली. पितळी हंडा माझ्या पायापाशी येऊन आदळला, त्याचा पोचा अजून हाय तसाच."

मी नानांना म्हटलं, परत सांगा, आधी आवाज आणि मग हलणं, मध्ये किती वेळ? ते म्हणाले दोन-तीन सेकंद आसंल. आणि इथं मला सच्याला द्यायचं उत्तर मिळालं, कारण भूकंपाचं केंद्र कोयनानगरजवळ, नानांच्या गावापासून वीसेक किलोमीटर, आणि तेवढ्या अंतराला बरोबर तेवढाच फरक पडतो. भूकंपातून दोन तऱ्हेच्या लहरी निघतात. पहिली दाबत-ढकलत जाते, आवाजासारखी, ती वेगवान, ती ट्रकसारखी गुरगुरली. दुसरी आडवं हलवत येते, जरा मागून, तिने नानांच्या आईची फळी मोकळी केली. आता या दुसरीची खोड अशी आहे की ती पातळ पदार्थातून जाऊच शकत नाही, कारण पाण्याला आडवं ओढलं तर ते परत ओढून घेत नाही, नुसतं सरकतं. दगड ओढून घेतो. मोठा भूकंप झाला की ही आडवी लहर प्रावरणातून आरपार जाते, हजारो किलोमीटर लांबच्या यंत्रावर उमटते. खाली लाव्ह्याचा समुद्र असता तर ती तिथंच मेली असती. मरते ती 2,900 किलोमीटरच्या खाली, आणि म्हणून तर कळलं की तिथं पातळ गाभा आहे. त्याच्याही आतला घट्ट गोळा इंगे लेहमान या डॅनिश बाईने 1936 मध्ये अशाच लहरींच्या नोंदी वाचून शोधला. कुदळ न मारता. मला हे आजही अंगावर काटा आणणारं वाटतं, की ज्या हादऱ्याने एका घरातली फळी पडते त्याच हादऱ्याच्या जातीने पृथ्वीचं पोट दाखवलं.

सच्या सहजासहजी मानणारा नाही. "दगड आहे तर प्लेट सरकती कशी? आणि आपला सगळा सह्याद्री लाव्ह्याचा आहे ना, मग तो लाव्हा काय वरनं पडला?"

दोन्ही मुद्दे वजनदार. पहिल्याला मी गूळ आणला. आपल्याकडं कुणाला सांगायला नको, गुळाची ढेप बत्त्याने फोडली तर टवका उडतो, पण तीच ढेप पोत्यात ठेवा, चार महिन्यांनी खाली बसून पसरलेली असते. ती वितळली का? नाही. सावकाश वाहिली. प्रावरणाचा गरम दगड तसाच आहे, भूकंपाच्या झटक्याला कडक, लाखो वर्षांच्या दाबाला मऊ. त्याच्यावरून आपली प्लेट वर्षाला 5 सेंटीमीटरच्या आसपास ईशान्येला सरकते, साधारण नखं वाढतात त्याच हिशोबात. नानांचा हंडा पडला तेव्हापासून आपलं कराड, पाटण, कृष्णा, कोयना सगळं जवळजवळ 3 मीटर पुढं गेलंय. हे ऐकून नानांनी एकदा जमिनीकडं बघितलं.

सह्याद्रीचं म्हणशील तर कुकर आठव. आत पाणी शंभरच्या वर तापतं तरी दाबामुळे उकळत नाही, आणि शिट्टी उचलली की भसकन उसळतं. खालचा गरम दगड वर चढत येतो तसा त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि उष्णता न वाढवता त्याचा थोडा भाग वितळतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपण जिथं होतो तिथं खालून असा मोठा लोंढा वर आला, थरावर थर बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा दगड, ओतला गेला, मग प्लेट पुढं निघून आली आणि ती गरम जागा मागं राहिली, आज ती रियुनियन बेटाखाली आहे, हिंदी महासागरात. सह्याद्री आपण पाठीवर घेऊन आलोय.

सच्या म्हणाला कुकरचं पटलं, गुळाचं विचार करतो.

पण बाळ्याचा प्रश्न तसाच होता आणि खरं तर तोच महत्त्वाचा होता. कडा हिमालयात, मग हादरा इथं का. अरे, प्लेट म्हणजे अखंड फळी आहे. मागून हिंदी महासागराच्या तळाशी नवी जमीन तयार होऊन रेटा बसतोय, पुढं आशिया अडवून धरतोय. फळी दोन्हीकडून आवळली की जिथं जुनी चीर असेल तिथं कुरकुरते, कडेला असो की मध्ये. कोयनेखाली तशी चीर आहे. धरणात 1962 च्या सुमारास पाणी साठायला लागलं, त्यानंतर बारीक धक्के सुरू झाले आणि पाच वर्षांनी 6.3 चा मोठा. तणाव धरणाने आणला नाही, तो आधीचाच, पण चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात, त्यात पाणी दाबाने शिरलं की ती पकड सैल होते. त्यामुळे धरणानं झाला हे तुझं अर्धं बरोबर. मुरलं हे साफ चूक. वारणेचं धरण भरल्यावर धक्के तिकडंही सरकले, तेव्हापासून 5 च्या वरचे कितीतरी झाले, आणि उगाच नाही हे धक्के अभ्यासायला तिथल्या गोठणे गावाला 3 किलोमीटर खोल भोक पाडलं. सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइट लागला तिथं. ते बघणारी प्रयोगशाळा आपल्या हजारमाचीला आहे, इथनं रिक्षाने जाता येतं.

बाळ्या म्हणाला, "बरं, पण कोयनेत माणसं किती गेली? दोनशेच्या आतच की."

यावर मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आधी. तिथं तर नकाशावर सगळ्यात कमी धोक्याचा झोन होता. भूकंप कोयनेएवढाच, किंबहुना जरा लहान, आणि माणसं दहा हजारांच्या घरात गेली. कशाखाली गेली? मातीत रचलेल्या दोन-दोन हात जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंतीचा आतला थर एकीकडं, बाहेरचा दुसरीकडं, मध्ये भर, आणि दोन्हीला शिवणारा लांब दगडच नाही, हलली की ती पोट फुगवून फाटते आणि माळवद सरळ खाली. तुझ्या घराच्या भिंती तशाच आहेत बाळ्या, मी बघितल्यात.

कुणीच काही बोललं नाही थोडा वेळ. चहा गार झालेला.

मग नाना म्हणाले, "आमच्या घराची मागची भिंत पडली, पुढची ऱ्हायली. आज्यानं पुढच्या भितीत हातभर लांब दगुड आरपार घातलं हुतं, मागं पैसं संपलं म्हणून नाय घातलं. आमी समदी पुढच्या खोलीत झोपायचो." आणि सांगितलं की पुढं महिनाभर खळ्यात पेंढ्याची खोप करून झोपले, डिसेंबरची थंडी, रात्री जमीन गुरगुरली की आई आधी पोरांची डोकी मोजायची.

बाळ्याने फोन काढला. गवंड्याला विचारत होता की मागच्या भिंतीत आरपार दगड आहेत का ते आतून कसं कळतं, एखादा दगड काढून बघता येईल का, आणि बघायचं तर उद्या सकाळी किती वाजता येशील.